सालईच्या डिंकाची उलटतपासणी

उंदराला एरंडेल पाजायचं आणि त्याला जुलाब कधी लागतात याची घड्याळ लावून नोंद करायची. सांध्यांच्या सुजेवरचं औषध तपासताना हा उद्योग कशासाठी, असं दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच. त्याला उत्तर म्हणून मी सालईची गोष्ट सांगतो. वनस्पतींच्या अर्कात दाहशामक घटक शोधताना काय काय बरोबर जातं आणि कुठे पाय घसरतो, हे दाखवणारं इतकं भरगच्च प्रकरण दुसरं सहसा सापडत नाही.

सालई, म्हणजे बॉस्वेलिया सेराटा, आपल्याकडे नवीन नाही. सातपुडा, मेळघाट आणि विदर्भातल्या खडकाळ, कोरड्या उतारांवर ती उभी असते. उन्हाळ्यात पानं झडलेली, साल कागदासारख्या पापुद्र्यांनी सुटणारी. विदर्भात तिच्या नावाची गावंही आहेत, नागपूरजवळचं सालई गोधनी घ्या. संस्कृतात शल्लकी, आणि हत्ती तिचा पाला आवडीने खातात म्हणून गजभक्ष्या. लाकूड हलकं. नेपानगरच्या कागद कारखान्यात ते लगद्यासाठी जायचं. पण औषधाच्या दृष्टीने महत्त्वाचा तो डिंक. साल तासली की आधी चिकट रस झिरपतो, मग वाळून त्याचे पिवळसर खडे होतात. हे खडे धूप म्हणून जळतात आणि आयुर्वेदात सांधेदुखीसाठी वापरले जातात.

या खड्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र असतात: उडून जाणारं तेल, पाण्यात विरघळणारा शर्करायुक्त डिंक आणि अल्कोहोलमध्ये विरघळणारी राळ. हे आधी सांगायचं कारण असं की तपासणीचा निकाल निम्मा इथेच ठरतो. खडे पाण्यात उकळून काढा केलात तर हाती मुख्यतः साखरेच्या साखळ्या येतील आणि राळ भांड्याच्या तळाशी चिकटून राहील. मग तो काढा उंदराला देऊन ‘सालईत काही दम नाही’ असं खुशाल लिहा! बॉस्वेलिक आम्लं राळेत असतात. ती 1932 सालीच वेगळी काढली गेली होती. 1978 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री’त त्यातली चार मुख्य आम्लं रचनेसह प्रसिद्ध झाली: बीटा-बॉस्वेलिक आम्ल, त्याचं ॲसिटिल रूप, अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन असलेलं कीटो रूप, आणि ॲसिटिल व कीटो दोन्ही असलेलं. या शेवटच्याला सगळे एकेबीए म्हणतात. पुढे हाच या गोष्टीचा नायक ठरवला गेला, आणि घोळही त्याच्याच भोवती झाला.

जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत जी. बी. सिंग आणि सी. के. अटल यांनी सालईच्या अल्कोहोल अर्कावर केलेलं काम 1986 साली ‘एजंट्स अँड ॲक्शन्स’ या नियतकालिकात आलं. पहिली चाचणी नेहमीचीच, कॅराजीननची. कॅराजीनन हा लाल समुद्री शेवाळातून मिळणारा पदार्थ. त्याचं एक टक्का द्रावण उंदराच्या मागच्या पंजात टोचलं की काही तासांत पंजा टम्म फुगतो. तो पाऱ्याच्या किंवा पाण्याच्या नळीत बुडवून किती द्रव वर सरकला ते पाहायचं. 1962 पासून जगभर ही चाचणी चालते आणि इंडोमेथासिनसारख्या दाहशामक औषधांची ताकदही तिच्यात मोजली गेली. सालईच्या अर्काने ही सूज चांगली कमी केली, डेक्स्ट्रान या दुसऱ्या पदार्थाने आणलेलीही केली.

बहुतेक प्रबंध इथे संपतात. ‘सूज कमी झाली, म्हणजे वनस्पती दाहशामक आहे’ असा निष्कर्ष, आलेख, आभार. जम्मूकरांनी इथून सुरुवात केली.

आधी त्यांनी मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांवर तीच चाचणी पुन्हा केली. कारण साधं आहे. पोटात एखादा जहाल, चरचरणारा अर्क गेला की प्राणी घाबराघुबरा होतो, ॲड्रिनलमधून त्याचं स्वतःचं स्टेरॉइड बाहेर पडतं, आणि पंजाची सूज त्याने उतरते. श्रेय मात्र वनस्पतीला जातं. ग्रंथीच नसेल तर ही पळवाट बंद. सालईचा अर्क या उंदरांतही तितकाच चालला.

मग एरंडेल. डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन, इंडोमेथासिन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे सूज, वेदना आणि ताप वाढवणारी रसायनं, तयार करणाऱ्या सायक्लोऑक्सिजिनेज या एन्झाइमला अडवतात. आतड्याच्या हालचालीत आणि बाळंतपणाच्या कळांतही प्रोस्टाग्लँडिनचा हात असतो. त्यामुळे असं औषध दिलेल्या उंदराला एरंडेलाने जुलाब उशिरा लागतात आणि गाभण उंदरीची वेणही लांबते. सालईच्या अर्काने दोन्हींत फरक पडला नाही. जठरात व्रणही झाले नाहीत. वेदनाशामक परिणाम नाही, ताप उतरवण्याचा गुण नाही. तोंडावाटे प्राणघातक मात्रा शोधायला गेले तर किलोला 2 ग्रॅमच्या वरच निघाली.

आणखी एक ‘नाही’ त्यात होतं. कातडीखाली कापसाची गोळी ठेवली की शरीर तिच्याभोवती नवी ऊती विणतं, ती वाढ अर्काने रोखली नाही. उलट मृत क्षयजंतू तेलात घालून आणलेल्या संधिवातात अर्काचा चांगला उपयोग दिसला.

या सगळ्या नकारांना मी त्या शोधनिबंधाचा गाभा मानतो. सूज उतरते पण ताप उतरत नाही, दुखणं लगेच थांबत नाही, पोट बिघडत नाही. म्हणजे हे औषध ॲस्पिरिनच्या घराण्यातलं नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी रस्त्याने जातंय. एवढं अनुमान फक्त उंदीर, एरंडेल आणि घड्याळ यांच्या बळावर निघालं. त्याच सुमाराला मुंबईच्या गुफिक कंपनीनं ‘सल्लकी’ नावाने गोळ्या बाजारात आणल्या.

तो दुसरा रस्ता जर्मनीत ट्यूबिंगेनला सापडला, निदान तसं वाटलं. तिथे अमोन यांचा गट दाहाच्या दुसऱ्या फाट्यावर काम करत होता. ॲराकिडोनिक आम्लापासून एका बाजूला प्रोस्टाग्लँडिन होतात, दुसऱ्या बाजूला 5-लायपॉक्सिजिनेज हे एन्झाइम ल्युकोट्रायिन बनवतं. ल्युकोट्रायिन बी-4 हा पांढऱ्या पेशींना ‘इकडे या’ म्हणणारा निरोप्या. या गटाने 1991 साली दाखवलं की सालईच्या अर्काने उंदराच्या पोटातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत हा निरोप्या कमी तयार होतो. 1992 साली आम्लं एकेक करून तपासली. एकेबीए सर्वांत तेज निघालं, एन्झाइमचं काम अर्ध्यावर आणायला 1.5 मायक्रोमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं एक सूक्ष्म एकक) पुरे. आणि ते ऑक्सिडीकरण रोखून काम करत नव्हतं.

हा शेवटचा मुद्दा या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतो. 5-लायपॉक्सिजिनेजच्या पोटात लोहाचा अणू असतो. हळद, चहा, आवळा, डाळिंबाची साल, कशाचाही पॉलिफेनॉलयुक्त अर्क टाका, लोहाची अवस्था बदलून तो एन्झाइम बंद पाडू शकतो. परीक्षानळीत सगळेच पहिलवान. सालईची आम्लं त्या प्रकारातली नव्हती. 1995 मध्ये याच गटाने पुढचं पाऊल टाकलं: एकेबीए एन्झाइमच्या मुख्य खाचेत बसत नाही, दुसरीकडे कुठेतरी चिकटतं. कुठे, ते त्या वेळी बघता येत नव्हतं.

गोष्ट इतकी नीट जुळली की पुढची पंधरा वर्षं कुणी फारसं खोदलं नाही. पाकिटांवर एकेबीएची टक्केवारी ठळक छापली जाऊ लागली. जास्त एकेबीए, म्हणजे जास्त चांगलं औषध. युरोपीय औषधकोशात सालईच्या राळेसाठी किमान 1 टक्का कीटो आम्ल आणि किमान 1 टक्का एकेबीए अशी अट आली.

खटकण्यासारखं होतं ते आकड्यांत. गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तात एकेबीए मोजलं तर ते साधारण 0.1 मायक्रोमोलरच्या आसपास, बऱ्याचदा त्याखालीच. परीक्षानळीत लागत होतं 1.5. चरबीयुक्त न्याहारीबरोबर गोळी घेतली की पातळी कित्येक पटींनी वाढते हे 2004 साली बारा निरोगी माणसांवर दिसलं, पण त्यानेही हिशेब पुरता जमत नाही. शिवाय रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. ही आम्लं तेलकट, ती जवळजवळ सगळीच्या सगळी अल्ब्युमिनला चिकटून बसतात. ट्यूबिंगेनच्या पेशी होत्या स्वच्छ क्षारद्रावणात, अल्ब्युमिनचा मागमूस नसलेल्या.

2009 साली वेर्त्स यांच्या गटाने, तेही जर्मनीतलेच, तोच प्रयोग माणसाच्या अख्ख्या रक्तात केला. पेशी वेगळ्या काढल्या नाहीत, प्लाझ्मा धुतला नाही. ल्युकोट्रायिन बी-4 कमी झालं नाही. शुद्ध आम्लांनी नाही आणि अर्कानेही नाही. निरोगी स्वयंसेवकांना 800 मिलिग्रॅम अर्क एकदा तोंडावाटे दिला, त्यांच्या रक्तातही फरक पडला नाही. ज्या कारणासाठी सालई जगभर विकली जात होती, ते कारणच रक्तात सापडेना.

‘मग ते सगळं खोटं होतं का?’ असं मुलं विचारतात. 1992 चा प्रयोग खोटा नव्हता. न्यूट्रोफिलला क्षारद्रावणात काय होतं, या प्रश्नाचं त्याने बरोबर उत्तर दिलं होतं. आपण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचलं.

वेर्त्स यांच्या गटाने मग उलट्या दिशेने काम केलं, आणि हा भाग मला सर्वांत देखणा वाटतो. आधी एन्झाइम निवडून त्यावर सालई टाकून पाहण्याऐवजी त्यांनी बॉस्वेलिक आम्लं बारीक मण्यांना बांधली, पेशींचा रस त्यांवरून सोडला आणि मण्यांना काय अडकून राहतं ते पाहिलं. गळ टाकून बसायचं, मासा कुठला लागेल ते माशाने ठरवायचं. एक मासा होता कॅथेप्सिन जी, न्यूट्रोफिलच्या पोटातलं प्रथिनं तोडणारं एन्झाइम. त्याला अडवायला सुमारे 1 मायक्रोमोलर इतकं बीटा-बॉस्वेलिक आम्ल पुरतं. आणि रक्तात सर्वांत जास्त पोचतं ते हेच आम्ल, एकेबीए नव्हे. माणसांना काही दिवस अर्क दिल्यावर त्यांच्या रक्तातली या एन्झाइमची क्रिया प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीच्या, तुलनेत कमी भरली. 2011 साली दुसरा मासा नोंदला गेला, प्रोस्टाग्लँडिन ई-2 तयार करणाऱ्या साखळीतलं शेवटचं एन्झाइम, एमपीजीईएस-1. म्हणजे ज्याचं नाव पाकिटावर नव्हतं, ते साधं, ‘कमी दर्जाचं’ आम्ल कामाचं निघालं.

इथे जम्मूच्या निकालांकडे परत जायला हवं. प्रोस्टाग्लँडिनचा रस्ता तर 1986 मध्ये बाद झाला होता ना? मी ते असं लावतो: एरंडेल आणि वेण यांच्या चाचण्यांत दिसतात ती शरीरात कायम तयार होणारी प्रोस्टाग्लँडिनं. एमपीजीईएस-1 मात्र मुख्यतः दाह पेटल्यावर वाढतं. त्यामुळे दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात, आणि जठर सुरक्षित राहतं तेही जमतं. पण ताप चढायला मेंदूच्या रक्तवाहिन्यांत हेच एन्झाइम लागतं. ते अडलं असतं तर ताप उतरायला हवा होता, आणि जम्मूत तो उतरला नाही. ही गाठ मला सुटलेली नाही. औषध तिथवर पुरेसं पोचत नसेल, एवढाच अंदाज.

आता आपल्या कॉलेजांत काय चालतं त्याकडे. सर्वांत लाडकी चाचणी म्हणजे अंड्याच्या बलकाची. पांढऱ्या बलकातलं अल्ब्युमिन 70 अंशांना गरम करायचं, अर्काने ते गोठणं कमी होतं का पाहायचं, शेजारी तुलनेला डायक्लोफिनॅक ठेवायचं. स्वस्त, दोन तासांत उरकणारी, परवानगी नको. संधिवाताशी तिचा संबंध आमलेटाइतकाच आहे. प्रथिनाला चिकटणारं काहीही तिच्यात दाहशामक ठरतं, आणि सालईची आम्लं अल्ब्युमिनला कशी चिकटतात ते वर आलंच.

तिच्या वरची पायरी म्हणजे मॅक्रोफेज पेशी. आरएडब्ल्यू 264.7 नावाची उंदराची पेशीमालिका, तिला जिवाणूंच्या कवचातलं एलपीएस पाजायचं, पेशी चवताळून नायट्रिक ऑक्साइड सोडतात, ते ग्रीस अभिकर्मकाच्या गुलाबी रंगाने मोजायचं. चाचणी चांगली आहे, पण खाचखळग्यांची. अर्काने पेशी मेल्या तरी गुलाबी रंग कमीच येतो, म्हणून जिवंत पेशींची मोजणी त्याच वाटीत हवी. अर्कालाच रंग असेल तर तो वजा करायला हवा. आणि 2012 साली सालईबद्दलच कळलं की बॉस्वेलिक आम्लं थेट एलपीएसलाच धरून बसतात. म्हणजे पेशीपर्यंत चिथावणीच पोचत नाही, आणि आपल्याला वाटतं पेशी शांत झाली. यावर उपाय अवघड नाही. तीच पेशी एलपीएसऐवजी दुसऱ्या चिथावणीने भडकवून पाहायची. किंवा आधी अर्क द्यायचा, पेशी धुऊन काढायच्या आणि मगच एलपीएस द्यायचं. ही एक जादा वाटी लावलेला प्रबंध मला अजून क्वचितच दिसतो.

माणसांवरच्या चाचण्यांत मराठी वाचकाच्या जवळची ती नागपूरची. 2003 साली ‘फायटोमेडिसिन’मध्ये आलेल्या या अभ्यासात गुडघ्याच्या झिजेचे 30 रुग्ण होते. पंधरांना अर्क, पंधरांना प्लासिबो, आठ आठवडे. मध्ये औषध अंगातून जाऊ दिलं, मग अदलाबदल करून पुन्हा आठ आठवडे. अर्क चालू असताना दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं, सूज कमी वेळा आली. एक्स-रे मात्र होता तसाच. माणसं थोडी आहेत, पण प्रत्येक रुग्ण स्वतःच स्वतःची तुलना आहे, आणि कूर्चा परत आली असा दावा करण्याचा मोह लेखकांनी टाळला आहे. पुढे 2007 मध्ये नागपूरकरांनीच 66 रुग्णांत सालईची तुलना व्हॅल्डेकॉक्सिब या वेदनाशामकाशी केली. व्हॅल्डेकॉक्सिबने महिनाभरात आराम दिला आणि औषध थांबताच दुखणं परतलं. सालईला दोन महिने लागले, पण आराम औषध थांबवल्यावरही महिनाभर टिकला. या अभ्यासात कोणाला काय दिलंय ते रुग्णांना आणि डॉक्टरांना माहीत होतं, त्यामुळे वजन थोडं कमी धरायचं. तरीही हा संथपणा मला जम्मूच्या ‘वेदनाशामक नाही’ या ओळीशी जुळणारा वाटतो.

2014 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधीच्या चाचण्या एकत्र तोलणाऱ्या अभ्यासात, दोन अभ्यासांतले 85 रुग्ण एकत्र धरले. संपृक्त अर्क 90 दिवस घेतल्यावर शंभरच्या मापपट्टीवर वेदना प्लासिबोपेक्षा सुमारे 17 अंकांनी कमी. वाईट नाही.

दुसरी बाजू पाकिटावर छापली जात नाही. आमवातासाठी जर्मनीत ‘एच 15’ या सालईच्याच गोळ्यांची चाचणी झाली. चार केंद्रांत 78 रुग्ण घेतले, आकडे आले ते एका केंद्रातल्या 37 जणांचे, आणि त्यांत काहीच फरक नव्हता. क्रोन या आतड्याच्या आजारात एका अभ्यासात सालई मेसालाझिन या नेहमीच्या औषधाच्या बरोबरीची ठरली, पण शांत झालेला आजार शांत ठेवण्यात ती प्लासिबोपेक्षा सरस नाही असं 2011 साली निघालं. गुडघ्याची झीज, आमवात आणि क्रोन यांना ‘दाह’ हा एकच शब्द लावून चालत नाही.

बाटलीत काय आहे तेही विचारायला हवं. ‘65 टक्के बॉस्वेलिक आम्लं’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ते बहुधा अनुमापनाने काढलेलं असतं. अल्कलीचे थेंब सोडून जितकं आम्ल उदासीन झालं तितकं सगळं बॉस्वेलिकच्या खात्यावर. राळेत इतरही आम्लं असतात, तीही यात मोजली जातात. एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तोच माल लावला की आकडा बराच खाली येतो. अर्क विकत घेऊन प्रयोग करणाऱ्याने प्रमाणपत्रातल्या टक्क्याशेजारी पद्धत कुठली लिहिली आहे ते आधी पाहावं.

2020 साली लुइझियानातल्या संशोधकांनी 5-लायपॉक्सिजिनेजचा एकेबीएसकट स्फटिक करून क्ष-किरणांखाली ठेवला. एकेबीए लोहाच्या अणूपासून 30 अँगस्ट्रॉमहून (अणूंच्या जगात हे लांबचं अंतर) दूर, एन्झाइमच्या दोन भागांमधल्या फटीत पाचर मारावी तसं बसलेलं दिसलं. 1995 चा अंदाज पंचवीस वर्षांनी डोळ्यांना दिसला. त्या पाचरीमुळे एन्झाइम नुसतं मंदावत नाही, ते ऑक्सिजन कुठल्या कार्बनवर लावायचा हेही बदलू शकतं असं दिसतंय. ज्या एन्झाइमला 2009 मध्ये जवळपास निर्दोष सोडलं होतं, त्याला पुन्हा बोलावणं आलं आहे, या वेळी वेगळ्या कलमाखाली.

यंदाच्या तुकडीतली एक मुलगी सालईवरच प्रबंध करणार म्हणते. तिच्या आराखड्यात पहिली ओळ अंड्याच्या बलकाची होती. ती खोडून तिथे ‘माणसाचं ताजं रक्त, गोठू नये म्हणून हेपारिन घातलेलं’ असं लिहून दिलं, आणि नीतिमत्ता समितीचा अर्ज भरायला बसवलं. संध्याकाळी तिने अर्ज आणून दाखवला. रक्त देणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव माझं होतं.